डाग जातात कुठं

शाल्मलीच्या गालावरचा मुरुमाचा पहिला डाग मंगळवारी गेला, आणि तिच्या पाच महिन्यांच्या लेकीला, रेवाला, आंघोळ घालताना तो रेवाच्या गालावर, खळीशेजारी सापडला. तोच तो. मसुराएवढा, तपकिरी, एका कडेला तुटलेला. आपला डाग माणूस ओळखतोच. तिनं दुधात भिजवलेलं डाळीचं पीठ लावून पाहिलं, हलला नाही.

शुक्रवारपर्यंत चार गेले आणि चार आले.

"मलम छान लागू पडलंय," त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मुरुम फोडायचे नाहीत, ऊन लागू द्यायचं नाही. सहा महिन्यांत सगळे डाग जातील."

"कुठं जातात?"

"ते आम्ही बघत नाही." त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

शाल्मलीनं मलम बंद केलं. पण घरात तोवर तिच्या उजळलेल्या चेहऱ्याचं कौतुक सुरू झालं होतं. "लेकराला डाग असलेले बरेच की गं," सासूबाई म्हणाल्या. "रोज तीट लावायचं काम वाचलं! तुझ्या वन्संच्या लग्नाचे फोटो होईस्तोवर तरी दम धर बाई. नाहीतर लोक आम्हालाच विचारतात, सून आजारी असते का म्हणून."

"आणि रेवाला काय कळतंय?" तिचा नवरा मकरंद पेपरमागून म्हणाला.

मग तिनं उलटं करायचं ठरवलं. डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या ते सगळं. भर दुपारी ती गच्चीवर उभी राहिली, नितळ गाल नखांनी चिमटत. जेवताना सासूबाईंना लाली दिसली आणि गच्चीला कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी पडदे शिवून टाकले. तिसऱ्या दिवशी खिडक्या ताटाएवढ्या झाल्या, चौथ्या दिवशी वाटीएवढ्या.

"घर गार राहतं," मकरंद म्हणाला.

पाचव्या दिवशी पाळण्याजवळच्या फरशीवर एकच कवडसा उरला, बोटाच्या पेराएवढा. शाल्मली पालथी पडली आणि तिनं गाल त्यात धरला. भाजलं, तरी हलली नाही. एकेक करत चारही डाग परत आले. तिनं हात लावून मोजले.

गाल भलताच मऊ लागत होता. त्याला दुधाचा वास होता.

पाळण्यात रेवा हसली. खळी शाल्मलीच्या गालावर पडली.