पडद्यातून झिरपलेला हायड्रोजन

पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या त्या कारखान्यात ती कंट्रोल रूम सांभाळायची आणि तिचा धाकटा दीर खाली फिटर होता. यंत्राच्या पोटात कागदासारखे पातळ पडदे. एका अंगाला हायड्रोजन, दुसऱ्या अंगाला ऑक्सिजन. दोन्ही मिसळू द्यायचे नाहीत, हे तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

त्या दुपारी ढग आले. सोलरची वीज घटली, ऑक्सिजन कमी बनू लागला आणि त्यात मिसळणाऱ्या हायड्रोजनचा आकडा चढू लागला. सकाळी अर्धा टक्का होता, आता दीड. दोनला यंत्र आपोआप बंद व्हायला हवं. पण मागच्या आठवड्यात ते तीनदा बंद पडलं म्हणून साहेबांनी ती सोयच काढून ठेवली होती. चारच्या पुढे स्फोटाला एक ठिणगी पुरे.

तिने साहेबांना फोन लावला.

"मीटर बिघडलंय," साहेब म्हणाले. "कारखाना बघायला पाहुणे दारात आलेत, आता बंदबिंद करू नका. तुमच्या दिराला पाठवलंय मीटर बदलायला."

"चालू यंत्रावर?"

"पाच मिनिटांचं काम आहे हो."

कॅमेऱ्यात दीर दिसला, ऑक्सिजनच्या टाकीला खेटून, कानांवर आवाज अडवणारी टोपणं. वॉकीटॉकीवर तीनदा हाक मारली, त्याला ऐकूच गेलं नाही. एक पॉइंट नऊ. खरंच मीटर बिघडलेलं असलं तर? नोकरी गेली तर? दोन पॉइंट दोन.

तिने लाल बटण दाबलं.

पंप थांबले, आकडा थांबेना. ऑक्सिजन बनणं बंद झालं, दाबाखालचा हायड्रोजन मात्र झिरपतच होता. दोन पॉइंट आठ. तीन पॉइंट दोन. आतला वायू हुसकून लावणारा नायट्रोजन सुटला होता, पण त्याला वेळ लागणार होता. आपणच पोराला मारलं, असं तिला वाटलं. तीन पॉइंट सहा. आकडा तिथेच घुटमळला. मग तीन पॉइंट पाच. मग तीन.

दीर जिना चढून आला. "वहिनी, थोडं थांबायचंस ना. साहेब आता मला सोलून काढतील."

ती त्याचं मनगट धरून बसून राहिली.

साहेब तणतणत आले, स्क्रीनवरचा आलेख पाहिला आणि खुर्ची ओढून बसले.

तीन दिवसांनी यंत्र खोललं. मीटर बरोबर होतं. एका पडद्याला सुई टोचावी एवढं भोक होतं, ते दिरालाच सापडलं. आपोआप बंद व्हायची सोय साहेबांनी समोर उभं राहून परत जोडून घेतली. तिच्याकडे मात्र पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी दीर-भावजय स्कूटरवरून घरी निघाले. सिग्नलला तो मान न वळवता म्हणाला, "त्या दिवशी नट गंजला होता, वहिनी. हलेना. मी हातोडी उचलली होती, तेवढ्यात यंत्र थांबलं."

तिने मागून त्याचा खांदा धरला.

"आईला सांगू नकोस," तो म्हणाला.

सिग्नल सुटला, मागच्या गाड्या हॉर्न देऊ लागल्या, तरी तो तसाच बसून होता.

"गाडी चालव," ती म्हणाली. "हळू चालव."