सुईत न ओवलेला दोरा

मित्रांनो, माझ्या पोटात शिरायचे म्हटले की भल्याभल्यांना घाम फुटतो. मी एक जुनी एमआरआय मशीन आहे. चुंबकाच्या जोरावर मी माणसाचे मणके आणि नसा पडद्यावर दाखवते. कापत नाही, टोचत नाही, फक्त ठणाठणा आवाज करते. भिंत फोडून मला या खोलीत आणले, तेव्हा केवढे कौतुक झाले! आता शेजारी नवी मशीन आली आहे आणि मी मोडीत निघणार आहे. पण एक शिंपीकाका माझ्या मनातून जात नाहीत.

काकांना सुईत दोरा ओवता येईना. सगळे म्हणाले, वय झाले, चष्मा बदला. त्यांनी दोनदा बदलला. मग पावले अडखळू लागली, तेव्हा कुठे डॉक्टरांनी मानेची तपासणी लिहून दिली.

मी आवाज सुरू केला मात्र, काकांनी घाबरल्यास दाबायला हातात दिलेला रबरी फुगा दाबला. तपासणी करणाऱ्या ताईंनी त्यांना लगेच बाहेर काढले.

"जीव गुदमरतो हो! जिवंतपणी पेटीत घातल्यासारखं वाटतं."

"काका, वीस मिनिटं फक्त. मी बोलत राहीन तुमच्याशी."

"पण मान कुठे दुखतेय माझी? शाळेचे गणवेश शिवून झाले की येतो."

बाहेर रांग होती. ताईंनी पुन्हा आग्रह केला नाही.

काका आले ते आठ महिन्यांनी, चाकाच्या खुर्चीतून, मुलीबरोबर. या वेळी ते निमूट पडून राहिले. मानेतली चकती सरकून हातापायांना निरोप नेणाऱ्या मज्जारज्जूवर दाबली गेली होती. तिथे पांढरा डाग, म्हणजे इजेची खूण, पडला होता.

"त्या दिवशी जाऊ द्यायला नको होतं मी," ताई पुटपुटल्या.

ऑपरेशन झाले. दुखणे वाढायचे थांबले, पण बोटांतून गेलेले बळ परत आले नाही. पुढच्या तपासणीला मुलगीच त्यांच्या शर्टाची बटणे काढत होती.

"हजारो काजं केली गं या हातांनी," काका म्हणाले.

"मान जरा वर करा, बाबा," ती म्हणाली आणि गळ्याजवळचे बटण काढू लागली.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाच्या हातून कप निसटू लागला, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. त्यांना वेळेवर डॉक्टरांकडे न्या. माझ्यासारखीच्या पोटात जायची भीती वाटली, तर तपासणी करणाऱ्यांची परवानगी घेऊन त्यांचे बाहेर राहिलेले पाऊल धरून बसा. आत काहीच दिसत नसते, पण आपले माणूस बाहेर आहे हे पावलाला कळते.