सातवं कलम आणि डावा आरसा

आमच्या बाबांसारखा गुन्हे कबूल करणारा माणूस अख्ख्या शहरात सापडणार नाही. त्यांनी गुन्हा केलेला नसतो, एवढीच काय ती अडचण.

बाबा आणि आत्या मिळून गाड्या धुण्याचं सेंटर चालवतात. बाबा पाण्याकडे, आत्या काउंटरला आणि शाळा सुटली की मी दोघांच्या मधे मधे. या धंद्यातली गंमत अशी की गाडी मळलेली असते तोवर तिचे सगळे चरे धुळीखाली सुखात झोपलेले असतात. ती धुतली, पुसली, उन्हात उभी केली की ते एकेक करून जागे होतात. मालक येतो, दाराशी वाकतो आणि ओरडतो, "हा ओरखडा कुठून आला?" तो ओरखडा गेल्या वर्षीचा असतो. पण बाबा हातातलं फडकं खांद्यावर टाकतात, म्हणतात, "असेल, आमच्याकडूनच झालं असेल," आणि पॉलिशचा डबा काढून घासत बसतात.

एकदा एकाने तक्रार केली की इथे धुतल्यापासून गाडी पेट्रोल जास्त पिते. बाबा म्हणाले, "माफ करा हं. पाणी जरा जास्तच मारलं असेल."

आत्याने कपाळावर हात मारला. "दादा, उद्या कुणी म्हणेल, तुमच्याकडे गाडी धुतली आणि माझं लग्न मोडलं. मग काय, नवरी शोधायला निघणार आहेस?"

"गाडीवर जीव असतो गं माणसाचा," बाबा म्हणाले. "आधी तो शांत करायचा. खरंखोटं मग."

हे 'मग' कधी उजाडतच नाही, म्हणून शेवटी मी मनावर घेतलं. गेल्या महिन्यात शाळेच्या वादविवाद स्पर्धेत मी दुसरी आले आणि माझी भीड चेपली ती चेपलीच. त्याआधी गिऱ्हाईक दिसलं की मी शाम्पूच्या ड्रमामागे जायचे. आता मी भिंतीवर हा एवढा मोठा फलक लावला, अकरा कलमांचा. जुने चरे, सैल पट्ट्या, गाडीत विसरलेले चष्मे, कशाकशाला सेंटर जबाबदार नाही ते सगळं त्यात होतं. सातवं कलम माझं सर्वात लाडकं : 'आरसे, अँटेना, वायपर अशा बाहेर आलेल्या भागांच्या मोडतोडीस सेंटर जबाबदार राहणार नाही.' नववं पालीबद्दल होतं. सीटखालून खरंच एकदा निघाली होती.

शिवाय चिठ्ठी! चिठ्ठीवर गाडीचं चारी बाजूंनी चित्र. गाडी आत आली की मी तिच्याभोवती फेरी मारायची, पोचा दिसला की गोल, ओरखडा दिसला की रेघ, आणि जिथे चिखल असेल तिथे लिहायचं, 'खाली काय आहे देव जाणे'. मग वेळ टाकायची आणि आणणाऱ्याची सही घ्यायची. आत्या इतकी खूश झाली की मला वकीलसाहेब म्हणायला लागली. बाबांनी फलक दोनदा वाचला आणि म्हणाले, "अक्षर छान आहे."

मग ती निळी गाडी आली.

ती दातांच्या डॉक्टरीणबाईंची. त्यांचा दवाखाना पलीकडच्याच गल्लीत. गाडी कोरी करकरीत आणि ती चालवणारे काकाही नवेच, नोकरीचा तिसराच आठवडा. शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. मी फेरी मारत होते तर तेही माझ्यामागून फेरी मारत होते.

"ताई, मागच्या बंपरवर ती रेघ आहे ना, ती चित्रात नीट काढा बरं का. ती आधीची आहे. परवा मॅडम म्हणाल्या, अजून एक खूण दिसली तर किल्ली ठेवून जायचं."

"काका, बिनधास्त राहा," मी म्हणाले. "इथे सगळं कागदावर असतं."

त्यांनी सही केली, किल्ली दिली आणि चहाला गेले. आमच्या रॅम्पच्या तोंडाशी दोन खांब आहेत, त्यामुळे गाडी आत घ्यायची तर आरसे दुमडावे लागतात. उजवा मी हाताने दुमडला. डावा जरा अडला. मी जोर लावला. 'कट्' असा आवाज आला आणि मला वाटलं, बसला!

अर्ध्या तासाने बाबांनी गाडी बाहेर काढली, पुसली आणि उघड्या काचेतून हात घालून आतलं बटण दाबलं. उजवा आरसा डौलात उघडला. डावा नुसताच घरघरला आणि मान टाकून लोंबकळला. ते आरसे बटणावर चालणारे होते. हाताने दुमडायचेच नव्हते.

काका चहाहून परतले आणि त्यांनी आरसा पाहिला. मग शर्टाच्या वरच्या बटणाशी चाळा करत उभे राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्यांसाठी माझ्याकडे अकरा कलमं होती.

आत्याने हळूच फलकाकडे बोट केलं. "सातवं," ती ओठांनीच म्हणाली.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई स्वतःच आल्या, पांढरा कोट घालून. त्या आरशासमोर वाकल्या, बोटाने तो हलवून पाहिला, अगदी दात हलवून पाहतात तसा.

"कुठे आपटलात?" त्यांनी काकांना विचारलं.

"आमच्याकडून झालं," बाबा लगेच म्हणाले.

"तुम्ही बोलूच नका!" बाई ताठ झाल्या. "माझ्या जुन्या गाडीचा मागचा दिवा मी स्वतः घराच्या फाटकावर फोडला होता, तेव्हाही तुम्ही माझी माफी मागितलीत. तुम्ही सगळ्यांचंच मान्य करता. आता यांची नोकरी वाचवायला करताय, दुसरं काय."

बाबांनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि पुन्हा खांद्यावरच टाकलं. मी त्यांना असं गडबडलेलं कधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं ते 'हो' वाटत आले होते, आणि आज जेव्हा तो खरा होता तेव्हा कुणी घ्यायला तयार नव्हतं.

काकांनी खिशात हात घातला. दुसरी किल्ली असावी तिथे.

"थांबा!" मी म्हणाले. आवाज स्पर्धेतल्यासारखा मोठा निघाला. मी चिठ्ठी पुढे धरली. "गाडी आली तेव्हाचं हे चित्र. चार वाजून दहा मिनिटं. बंपरवर रेघ आहे. डाव्या आरशावर काही नाही, कारण तो धड होता. मग मी तो हाताने दुमडला. मोडला तो मी."

आत्याने माझ्या पायावर पाय दिला. मी तो काढून घेतला.

बाईंनी चिठ्ठी वाचली, मग फलक वाचला, अकराच्या अकरा. "हे कुणी लिहिलंय?"

"मीच."

"यात तर आरशांना तुम्ही जबाबदार नाही."

"आम्ही नाही म्हटलं की कुणीतरी दुसरं होणार ना," मी म्हणाले, "आणि इथे दुसरे कोण, तर हे काका. ते तर चहा पीत होते."

बाईंनी चिठ्ठी मला परत दिली. मग काकांकडे वळल्या. "मी न विचारताच बोलले. चुकलं माझं." मग बाबांना म्हणाल्या, "आरसा तुम्ही बसवून द्याल?"

"असेल... म्हणजे हो! नक्की!" बाबा म्हणाले आणि आत्यासकट सगळे हसले. काका सगळ्यात शेवटी हसले, पण शर्टाचं वरचं बटण त्यांनी सोडलं.

संध्याकाळी मी सातव्या कलमावर कागद चिकटवत होते. बाबा खाली स्टूल धरून उभे.

"तुझ्या चिठ्ठीने वाचवलं बरं का," ते म्हणाले. "माझ्या 'हो'ची पार रया गेली आहे. उद्यापासून मीही आधी चिठ्ठी बघेन."

"आणि पेट्रोलवाला आला तर?"

बाबांनी विचार केला. "त्याला चहा देऊ."

"वकीलसाहेब," आत्या काउंटरवरून ओरडली, "त्या कागदावर लिही, आरशांना हात लावायची तुला बंदी!"

पुढच्या आठवड्यात निळी गाडी पुन्हा आली. मी चिठ्ठी घेऊन धावले. काकांनी काच चार बोटं खाली केली, बटण दाबलं आणि दोन्ही आरसे कानांसारखे आपोआप मिटले.

"या ताई," काका म्हणाले, "काय चित्रं काढायची ती काढा. पण लांबूनच!"