आबा उना नही

माझं गाणं तुम्ही ऐकलेलं आहे, नाही म्हणू नका. धुळे-जळगावकडच्या एखाद्या वरातीत गेला असाल तर त्यावर नाचलाही असाल. डीजेवाला मध्येच आवाज बंद करतो, सगळी वरात ओरडते "आबा उना नही!", आणि मग हात वर करून "हुर्रे!" तेच ते. आबा आला नाही, यात हुर्रे करण्यासारखं काय आहे, हे मला एकाही नाचणाऱ्याने अजून समजावून सांगितलेलं नाही.

गाणं माझं आहे हे मात्र तुम्हाला ठाऊक नसणार. मी हिलाल पाटील. धुळ्यात देवपूरला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, मी जुनी तार काढतो आणि नवी भरतो. हात कामात असतात आणि डोकं मोकळं, म्हणून गाणी सुचली, एवढंच. कोणी गुरू नाही, घराणं नाही.

२००९ संपता संपता साठवलेले पैसे घालून जळगावच्या एका स्टुडिओत आठ अहिराणी गाण्यांची सीडी काढली. पाचशे प्रती. दोन महिन्यांत त्यातलं आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, गाणं खानदेशभर वाजायला लागलं, आणि सीड्या खपल्या सत्तर. बोदवडला झुलाल म्हणून एक मोबाईलवाला होता, त्याने एक सीडी विकत घेतली आणि गाणी कॉम्प्युटरवर चढवली. मग येईल त्याच्या मेमरी कार्डात वीस रुपयांत दोनशे गाणी भरून द्यायला लागला. त्या दोनशेत माझी आठ. उरलेल्या सीड्या धाकट्या भावाने शेतात नेल्या आणि ज्वारीत दोरीला टांगल्या. उन्हात चमकतात, पाखरं बसत नाहीत. "तेवढा तरी उपयोग व्हयना," तो म्हणाला, आणि त्याचं काही चुकीचं नव्हतं.

मी बोदवडला गेलो होतो तेव्हा. त्याच्या दुकानात माझंच गाणं लावलेलं होतं, आणि गाणं सुरू व्हायच्या आधी त्याचा आवाज: "झुलाल मोबाईल, स्टेशन रोड, बोदवड!" माझं डोकं फिरलं. त्याचा कीबोर्ड उचलला आणि भर रस्त्यात आपटला. बटणं गटारापर्यंत उडाली. त्यानंतर कुठेही ते "झुलाल मोबाईल" ऐकू आलं की मी उठून चालायला लागायचो. ती चोरीची प्रत मी एकदाही पूर्ण ऐकली नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता गाणं केलं कशासाठी, तेही सांगून टाकतो. पैशासाठी नाही. नावासाठी थोडं, खोटं कशाला बोला. पण खरं म्हणजे एकाच माणसासाठी.

माझी थोरली बहीण इंदिराअक्का. तिला बोदवडजवळच्या एका खेड्यात दिलेली. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला ती माहेरी आली. आमच्याकडे आखाजीला लेकी येतात, झोके बांधतात, चार दिवस राहतात. अक्का जायच्या दिवशी आबांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, पाया पडून म्हणाली, मला परत धाडू नका, सासू फार त्रास देते. आबांनी दुपारी तिच्या सासरची बैलगाडी जुंपायला लावली. सगळी गल्ली तिला वेशीपर्यंत पोचवायला गेली, आबा सोडून. अक्का वळून वळून बघत होती. ते नाहीच आले.

मी नऊ वर्षांचा होतो. वेशीवरून पळत घरी आलो, तर आबा गोठ्यात बैलाच्या गळ्यात पडून रडत होते. एवढा मोठा माणूस, गावात ज्याच्यासमोर कोणी मान वर करत नव्हतं. मला बघितलं आणि म्हणाले, "कोनले सांगू नको. तुले मन्ही शप्पत शे."

मी नाही सांगितलं. अक्काने मात्र ते मनात धरलं. आबांशी ती पुन्हा सरळ बोलली नाही. आखाजीला यायची, आईजवळ बसायची, जायची. आबा गेले तेव्हाही तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं. आबांच्या जिवंतपणी शप्पत मोडायची माझी छाती नव्हती, ते गेल्यावरही झाली नाही, म्हणून मी गाण्यात घातलं. गाण्यात घातलेलं सांगितल्यात धरत नाहीत, अशी मी आपली सोय करून घेतली. तिसऱ्या कडव्यात दोन ओळी:

येसवर उनी बठ्ठी गल्ली, आबा उना नही,
गोठामा बैलना गयामा पडी रडना, कोनी देखं नही.

येस म्हणजे वेस, बठ्ठी म्हणजे सगळी, गया म्हणजे गळा. दुसऱ्या ओळीला मी मुद्दाम ढोलकी थांबवली होती. नुसता आवाज. अक्काला ती ओळ स्वच्छ ऐकू जावी म्हणून.

सीडी तिला पाठवली. तिने गाणं ऐकल्याचं कळलं, पण त्यावर ती एक शब्द बोलली नाही. वर्षभर वाट पाहिली, मग सोडून दिलं. म्हटलं, एवढं सांगूनही हिच्या मनातली अढी जात नसेल तर आपण काय करणार? तेव्हापासून मी नवं गाणं केलं नाही. लोक म्हणाले, चोरांनी हिलालला संपवलं. म्हणू दिलं. चोराचं नाव घेणं सोपं होतं.

२०१७ ला एका कंपनीने तेच गाणं डीजेच्या ठोक्यावर काढलं. गायक कोवळा पोरगा, सोबत चार नाचणाऱ्या, गीतकार म्हणून भलतंच नाव. आखाजीचं नाव काढून टाकलं आणि गाण्याला "आबा उना नही" म्हणायला लागले. दुसरी ओळ गायबच. तिच्या जागी ते हुर्रे. मला वाटलं, रडण्यावर नाचता येत नाही म्हणून कापली असेल.

मी काही केलं नाही. दमलो होतो. माझी मुलगी पुनम दमलेली नव्हती. यंदा माझ्या पन्नाशीला तिने मला दुकानातच बसवलं, गाणं म्हणायला लावलं आणि व्हिडिओ मोबाईलवरून टाकला. तिसऱ्या दिवशी तो वेबसाइटवाल्यांनी काढून टाकला. कारण काय, तर या गाण्याचे हक्क अमुक कंपनीकडे आहेत.

"पप्पा, तुमचं गाणं तुम्ही चोरलंत असं म्हणतात ते," पुनम म्हणाली. तिचे डोळे भरले होते. माझी चीड केव्हाच आटली होती, तिची ताजी होती. "सतराच्या आधीचा काहीतरी पुरावा द्या. सीडी द्या एक."

सीडी कुठून देणार? अक्काला एक पाठवली होती, पण तिला मागायला तोंड नव्हतं. स्टुडिओ बंद पडला, मालक वारला. शेतातल्या सीड्या उन्हाने पांढऱ्या पडलेल्या. एक सापडली, ती मशीनमध्ये घातली तर नुसती गरगरली.

मग पुनमच म्हणाली, "ज्याने चोरलं त्याच्याकडे असेल."

मी तीन दिवस तिच्याशी बोललो नाही. चौथ्या दिवशी बोदवडची गाडी धरली.

झुलाल म्हातारा झाला होता. दुकानावर आता "सर्व ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील" असा बोर्ड. मला बघताच त्याने आधी कीबोर्ड जवळ ओढला.

"या भो हिलालभाऊ. हा नवा घेतेल हाये, सांभाळून."

मला हसू आलं, तेही नको तिथे. कशाला आलो ते सांगितलं. त्याने कपाटावरचं खोकं काढलं, जुनी हार्ड डिस्क पुसली आणि जोडली.

"आमचाबी धंदा बसला," तो म्हणाला. "आता मोबाईलवर सारं फुकट. कार्ड भरायले कोन येते? चोराचीबी गरज राह्यली नाही भो."

फाईल निघाली. तारीख २०१०. त्याने लावली आणि मी पहिल्यांदाच ती प्रत शेवटपर्यंत ऐकायला बसलो. सुरुवातीला झुलाल मोबाईल, ते सहन केलं. पहिलं कडवं, दुसरं कडवं. तिसरं आलं. येसवर उनी बठ्ठी गल्ली, आबा उना नही. ढोलकी थांबली.

"झुलाल मोबाईल, स्टेशन रोड, बोदवड!"

मग परत ढोलकी आणि धृपद.

"मागे घे," मी म्हणालो. त्याने मागे घेतलं. पुन्हा तेच. माझी ओळ त्याच्या आवाजाखाली गेली होती. अक्षरसुद्धा ऐकू येत नव्हतं.

"इथंच का टाकलं?" मी विचारलं.

तो ओशाळला. "भुसावळचे पोरं माझंच कॉपी करून विकत व्हते. म्हनून नाव टाकाव लागलं. अन् तिथं ढोलकी थांबते ना, नाव मोकळं ऐकू येते."

माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. कंपनीच्या पोराने ओळ कापली नव्हती. त्याने गाणं याच प्रतीवरून उचललं होतं, त्याला ती ओळ कधी ऐकूच आली नव्हती. आणि अक्का? तिच्या घरी सीडीचं मशीन नव्हतं, हे पाठवताना माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. भाच्याने गाणी आणली ती मेमरी कार्डावर. कार्ड भरलं असणार बोदवडला, या दुकानात. तिने ऐकलं ते एवढंच, की सगळी गल्ली आली, आबा आला नाही. म्हणजे भावानेही हेच लिहिलं. तिच्या जखमेवर मी चौदा वर्षं मीठ चोळत होतो आणि ती का बोलत नाही म्हणून वर तिच्यावरच रुसलो होतो.

मी तिथेच रडलो. लाज नाही वाटली. झुलालने गिऱ्हाइकांना बाहेर काढलं आणि चहा मागवला. मी त्याला सगळं सांगितलं. आधी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं कोणाला, तर त्याला.

तो खुर्ची पुढे ओढून टाईप करायला लागला. मी झुलाल अमुक तमुक, राहणार बोदवड, लिहून देतो की सन २०१० मध्ये हिलाल पाटील यांच्या सीडीवरून सदर गाणे... इथे तो थांबला.

"विनापरवाना लिहू का चोरून लिहू?"

"जे खरं ते लिही."

त्याने "चोरून" लिहिलं. सही केली, आधारची झेरॉक्स जोडली. पेन ड्राइव्ह हातात देत म्हणाला, "बहिनीचं गाव इथून दोन कोसावर हाये. जाऊन ये भो."

मी स्टेशनावर आलो आणि धुळ्याकडे निघालो. जायला हवं होतं, मला कळतं. पण तोंडाने सांगायची हिंमत असती तर गाणं कशाला केलं असतं?

पुनमने कागद पाठवले. दोन महिन्यांनी व्हिडिओ परत आला. कंपनीचंही गाणं होतं तिथेच राहिलं, वराती नाचतच राहिल्या. माझ्या व्हिडिओखाली लोकांनी लिहिलं: काका, तिसऱ्या कडव्यात चुकलात. एकाने लिहिलं, ओरिजिनलमध्ये अशी ओळ नाही, उगाच घुसडू नका. पुनम एकेकाला उत्तर द्यायला बसली. मी म्हटलं, राहू दे. गाणं परत मिळालं होतं आणि मला काहीच वाटत नव्हतं. पुनमने तो व्हिडिओ घरातल्या सगळ्यांच्या ग्रुपवर टाकला, तेवढं बरं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात फोन वाजला. अक्का.

"हिलाल, ते गोठानं खरं शे का?"

"खरं शे, अक्का."

"तू देखं?"

"मी देखं. आबानी शप्पत घाली व्हती."

ती म्हणाली, "माले वाटनं, तू बी मन्हासारखा रागमा लिखं. मन्हा पोऱ्याना लगीनमा मी बी नाचनू ना रे त्यावर. हात वर करीसन."

समोर शेतकरी मोटार घेऊन उभा होता, त्याला मी हातानेच थांब म्हटलं.

"परत म्हन," अक्का म्हणाली. "ती एकच ओळ."

मी वायंडिंगचं मशीन बंद केलं आणि म्हटली.

"आजून एकदाव," ती म्हणाली.