एकशे ऐंशी ग्रेन

नागेशला ज्याची भीती वाटते त्याचा तो तक्ता करतो. लग्नाच्या वेळी स्थळांचा केला नव्हता असं तो सांगतो. त्याच्या बायकोला, निशिगंधाला, ते अजून पटलेलं नाही. जर्मनीत बॉबलिंगेनला आल्यावर त्याने घरांचा केला, विम्यांचा केला, आणि २००४च्या जूनमध्ये बंदुकीच्या गोळीच्या वजनाचा.

शिकारीचा परवाना, म्हणजे याग्डशाइन, त्याला नुकताच मिळाला होता. त्यासाठी वर्षभर शनिवार-रविवार घालवून झाडं, पक्षी, जनावरांचे रोग, कायदे, सगळं जर्मनमधून पाठ केलं होतं. आता परीक्षा वेगळी होती. त्याच्याच कंपनीतून निवृत्त झालेला फोरमन एबर्ले याच्याकडे शोनबुखच्या जंगलालगत शिकारीचं रान भाडेपट्ट्याने होतं. त्याने गुरुवारी संध्याकाळी नागेशला मचाणावर बोलावलं होतं. एक नर हरीण. आपल्या भेकराच्या अंगाचं, वीसएक किलोचं. त्याची अट अशी: नीट झालं तर वर्षभर येत जा. जखमी होऊन पळालं तर पुन्हा बोलावणं नाही. आधीच्या दोन नवशिक्यांचं तसंच झालं होतं, आणि एबर्ले ते नावानिशी सांगायचा.

म्हणून जेवणाच्या टेबलावर तीन खोकी. दीडशे ग्रेन, म्हणजे जेमतेम दहा ग्रॅम, एकशे पासष्ट, एकशे ऐंशी.

समोर सासरे बसले होते. भास्करराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बत्तीस वर्षं तपासनीस होते. गोळ्या तोलायच्या, कमी-जास्त भरेल ती बाजूला काढायची, हे त्यांचं काम. लेकीकडे तीन महिन्यांसाठी आले होते आणि दुसऱ्याच आठवड्यात कंटाळले होते. खोकी पाहिल्यावर त्यांचा चेहरा माहेरचं माणूस भेटल्यासारखा झाला.

"बाबा, हात लावू नका," नागेश घाईने म्हणाला. "परवाना माझ्या नावावर आहे. इथला कायदा फार कडक आहे."

"नागेशराव, बत्तीस वर्षांत माझ्या हाताखालून किती लाख गेल्या, मोजलंय?"

"त्या सरकारी होत्या बाबा. या माझ्या आहेत."

निशिगंधा हसली. भास्कररावांनी हात मागे घेऊन मांडीवर ठेवले. अपमान गिळायची त्यांची ही पद्धत होती. मग ते प्रश्न विचारत.

"बरं, निवडणार कोणती?"

"तक्ता बघा ना. दीडशेची हलकी, वेगवान. पण जवळून लागली तर फुटते, मांस नासवते. एकशे पासष्ट सगळ्यात मधली. एकशे ऐंशी खोल जाते. हरीण जरा तिरकं उभं असलं, हाड मध्ये आलं, तरी आरपार. म्हणून हीच. हातात रिझर्व्ह हवा."

"वीस किलोच्या जनावराला?"

"गेनाऊ! अगदी तेच. लहान आहे म्हणून तर त्याला त्रास नको."

भास्कररावांनी तक्ता उलटसुलट पाहिला. "ही जास्तीची ताकद हरणासाठी आहे, की तुमचा नेम चुकला तर त्यासाठी?"

"दोन्हीसाठी," नागेश म्हणाला. पण त्याला जरा वेळ लागला, आणि तो वेळ सासऱ्यांनी मनात टिपून ठेवला. तपासनीस निवृत्त होतो तो फक्त पगारातून.

मंगळवारी दोघे नेमबाजीच्या मैदानावर गेले. पाहुण्याला बाकावर बसायची मुभा होती, कानांवर आवाजरोधक लावून. शंभर मीटरवर कागद. नागेशने प्रत्येक वजनाच्या पाच-पाच गोळ्या झाडल्या. दीडशेच्या पाच तळहाताएवढ्या जागेत बसल्या. एकशे पासष्टच्या काडेपेटीखाली झाकल्या जातील इतक्या जवळ. एकशे ऐंशीच्या मात्र जेवणाच्या ताटभर पसरल्या.

"माझ्या रायफलला जड गोळी मानवत नाही," नागेश म्हणाला. "आल्झो, म्हणजे बॅरलचा प्रश्न आहे."

"बॅरलचाही असेल. पण ते शेवटचं खोकं उघडल्यापासून तुम्ही खांदा आधीच मागे घेत होतात. पाचही वेळा. बार नंतर होत होता."

"तुम्ही कागद बघत होता की मला?"

"कागद सगळेच बघतात."

परतताना गाडी नागेश चालवत होता. हायवेला लागल्यावर म्हणाला, "त्या जड गोळीचा धक्का काही फार जास्त नाही, बाबा. आकडे आहेत माझ्याकडे."

"माहीत आहे. धक्का बसतो तो तुम्ही तिच्यावर ठेवलेल्या भरवशाचा."

गुरुवारी त्याने एकशे पासष्टची तीन काडतुसं घेतली. मनातून नाही, कागदापुढे इलाज नव्हता म्हणून.

मचाण जवाच्या शेताच्या कडेला होतं. एबर्ले शेजारी बसून दुर्बिणीतून पाहत होता. आठ वाजता, अजून लख्ख उजेड असताना, नर बाहेर आला. सत्तर पावलांवर थांबला, पण तोंड यांच्याकडे आणि अंग तिरकं. नागेशने रायफल टेकवली. पहिला विचार आला तो जड गोळीचा: ती असती तर चाललं असतं. दुसरा विचार सासऱ्यांच्या प्रश्नाच्या रूपात आला, आणि तो टळेना. ती आत्ता असती, तर त्याने घोडा दाबला असता. आणि तेही नेम खात्रीचा होता म्हणून नव्हे.

"मग?" एबर्ले कुजबुजला.

नागेशने बोट घोड्यावरून काढलं. नर आणखी एक-दोन घास चरला आणि जवात शिरला.

खाली उतरल्यावर एबर्ले म्हणाला, "मी मारला असता."

"मारता आला असता?"

"मला, हो. तीस वर्षं झाली. तुला नाही." तो खिसे चाचपू लागला. "शनिवारी मी मुलीकडे उल्मला जातोय. ही किल्ली घे, जंगलाच्या फाटकाची. एकटा बस. आडवा उभा राहिला तर मार, नाही तर घरी जा. फोन करायची गरज नाही."

घरी भास्करराव दारातच होते. नागेशने बूट काढता काढता सगळं सांगितलं, किल्ली दाखवली. त्याला वाटलं, सासरे पाठ थोपटतील.

"म्हणजे झाडलीच नाही," ते म्हणाले.

"नाही."

"बरोबर केलंत." त्यांनी किल्ली तळहातावर घेऊन तोलून पाहिली. मग जरा ओशाळून म्हणाले, "पण खरं सांगू का, नागेशराव? मी दुपारपासून वाट बघत होतो. बत्तीस वर्षं गोळ्या तोलल्या, आणि त्यातली एकही पुढे काय करते हे मला माहीत नाही. वाटलं, आज कळेल."

निशिगंधा स्वयंपाकघरातून बाहेर आली होती.

"शनिवारी येता का?" नागेशने विचारलं. "मचाणावर दोघांना जागा आहे."

भास्कररावांनी लगेच हो म्हटलं नाही. जेवताना त्यांनी दोनदा पाणी मागितलं, एकदा हवेचा अंदाज विचारला. झोपायला जाताना दारात थांबून म्हणाले, "नको. तुम्ही एकटेच जा. मी शेजारी असलो, की मला दाखवायला म्हणून झाडाल."