दर्शनाची फियाट आणि मामांचं गाऱ्हाणं

वडील गेल्यापासून त्यांची जुनी फियाट शेडमध्ये आंब्याच्या रिकाम्या पेट्यांना सोबत करत उभी होती. दर्शनाला ती हवी होती. तिच्या मुंबईच्या भावाला, अनिलला, ती गणपतीपुळ्याच्या एका हॉटेलवाल्याला द्यायची होती. हॉटेलवाला तिच्यात झाडं लावणार होता. शेवटी अनिलनं फोनवर निकाल दिला. रविवारी तो देवदर्शनाला पुळ्याला येणार. दर्शनानं गाडी स्वतः चालवत तिथवर आणली तर ती तिची, नाहीतर कुंडी.

मेकॅनिकनं गाडी दुरुस्त केली. दर्शनाची धडधड मात्र त्याच्या हातात नव्हती. स्कूटरवरनं ती अख्खी रत्नागिरी पालथी घालायची, पण या गाडीचा गिअर स्टिअरिंगलाच चिकटलेला. आठवडाभर तिनं स्वयंपाकघरात उलथण्यावर सराव केला. भाकरी परतताना हात आपोआप तिसऱ्यात जायला लागला.

रविवारी सकाळी धाकूमामा, म्हणजे आईचे धाकटे भाऊ, नारळ घेऊन हजर. देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय चाक हलायचं नाही म्हणाले. मामांचं गाऱ्हाणं गावात नावाजलेलं. लग्न असो नाहीतर बोअरवेल, होऊ शकणारं एकही संकट ते देवाला सांगायचं विसरत नसत.

“बा देवा म्हाराजा, आमची दर्शना गाडी घेऊन निघालीय. चढावर गाडी बंद पडत असंल तर पडू देऊ नको. ब्रेक लागत नसंल तर लागू दे. समोरनं डंपर येत असंल तर त्याला दुसऱ्या रस्त्यानं धाड.”

दर वाक्याला शेजारीपाजारी भक्तिभावानं “व्हय म्हाराजा” म्हणत होते. तोवर दर्शनाच्या डोक्यात डंपर नव्हता.

मामा मागच्या सीटवर बसले आणि गाडी निघाली. पहिल्याच डाव्या वळणाला हॉर्न आपोआप वाजला. दुसऱ्यालाही. ओळखीच्यांना वाटलं, दर्शना हाक मारतेय. एकानं हात दाखवून गाडी थांबवली, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. चौकातल्या पोलिसानं सलाम ठोकला. दर्शनाचा घाम स्टिअरिंगवर टपकत होता.

आरे-वारेच्या चढावर गाडी बंद पडली आणि इंचभर मागे सरकली. मागे गच्च भरलेली एसटी, तिच्यामागे पर्यटकांची रांग. एसटीवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढेना. दर्शनानं दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरला. मागून मामा डोळे मिटून सुरू झाले, “बा देवा म्हाराजा, आता गाडी दरीत जात असंल...”

दर्शनानं हँडब्रेक ओढला, खिडकीतनं डोकं बाहेर काढलं आणि मामांच्याच सुरात, पण त्यांच्या दुप्पट आवाजात सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा, मागच्या सीटवरचं माणूस जरा गप बसू दे. एसटीवाल्याला हॉर्नवरचा हात काढायची बुद्धी दे. आणि ही गाडी माझी हाय, ती माझ्या हातानं वर चढू दे!”

गाऱ्हाणं कानावर पडलं की इथल्या माणसाचं तोंड त्याला विचारत नाही. एसटीच्या सगळ्या खिडक्यांतनं एकदम “व्हय म्हाराजा” आलं. ड्रायव्हरही म्हणाला आणि नाइलाजानं हॉर्नवरचा हात काढला.

दर्शनाला हसू फुटलं. हसता हसता तिनं ब्रेकवरचे पाय सैल सोडले. चावी, पहिला गिअर, क्लच हळूच, हँडब्रेक सैल, आणि फियाट धूर सोडत वर गेली. पुढच्या डाव्या वळणाला हॉर्न वाजला, तेव्हा तिनं समुद्रालाच हात केला.

पुळ्याला पार्किंगमध्ये अनिल उभा होता, शेजारी हॉटेलवाला, त्याच्या हातात जास्वंदीचं रोप. दर्शनानं ते आभार मानून घेतलं आणि मामांच्या मांडीवर ठेवलं.

परत निघताना मामांनी हळूच विचारलं, “दर्शने, परतीचं गाऱ्हाणं घालू काय गो?”

“घाला की,” ती म्हणाली, “पण मनातल्या मनात.”