कोरी नळी

जठराला सूज आलेल्या माणसाच्या पोटातला व्रणाचा जंतू त्याच्या तोंडातही सापडतो, हे त्या दवाखान्यात दिसून आलं ते ताईंच्या हातांमुळे, असं डॉक्टर चारचौघांत सांगत, आणि ते ऐकताना प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या ताईंची मान आपोआप ताठ होई. हिरडीलगतचा मळ काडीने अलगद काढायचा आणि पिवळ्या द्रवाच्या नळीत बुडवायचा. जंतू असला की द्रव गुलाबी होई. रांगेच्या शेवटी मात्र एक कोरी नळी असे. तिच्यात कुणाच्याच तोंडातलं काही घालायचं नाही. ती पिवळी राहिली, तरच बाकीच्या नळ्यांवर विश्वास ठेवायचा.

"माझी कोरी नळी आजवर कधी रंगलेली नाही," एका सकाळी ताई फरशी पुसणाऱ्या मावशींना म्हणाल्या.

"जपून हं ताई, तुमचीच तुम्हाला दृष्ट लागायची," मावशी हसल्या.

ताईंनी वळून पाहिलं. बूच लावलेली कोरी नळी गुलाबी झाली होती.

त्यांनी द्रव नवा केला, नळ्या पुन्हा उकळल्या. मग धीर करून स्वतःच्याच हिरडीवर फिरवलेली काडी एका नळीत बुडवली. ती नळी पिवळीच राहिली. ताईंचा जीव भांड्यात पडला.

"बघितलंत? माझं तोंड स्वच्छ आहे!" त्या म्हणाल्या, आणि शेजारची कोरी नळी त्यांच्या डोळ्यांदेखत रंगली.

त्या दिवसापासून काम करताना त्या तोंडातून चकार शब्द काढेनात. कोरी नळी पुन्हा पिवळी राहू लागली. डॉक्टरांना त्यांनी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळी मेहनत पाण्यात गेली असती, आणि तिच्याबरोबर ताईंचं नावही.

"मोठ्या झाल्या ना आता, आमच्याशी कशाला बोलतील?" मावशी पुटपुटत.

ताईंच्या सत्काराच्या दिवशी सभागृह भरून गेलं. टेबलावर नळ्या मांडलेल्या, शेवटची पिवळीधमक. डॉक्टर म्हणाले, "हे काम जिचं, तीच आता दोन शब्द बोलेल." ताईंनी मानेनेच नको म्हटलं. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत बसलेली आई लेकीकडे डोळे भरून पाहत होती, आणि ते पाहून ताईंना राहवलं नाही.

"हे माझ्या हातांचं यश आहे," त्या म्हणाल्या.

नळीकडे बघायचा त्यांना धीर होईना, म्हणून त्यांनी आईकडे पाहिलं. कौतुकाने हसता हसताच आईचा हात सावकाश पोटावर गेला. मग तिच्या शेजारणीचा. मग मागच्या अख्ख्या रांगेचा.